घराला दिवस गेले

बुधवारी टँकर आला नाही.

नऊ वाजले, दहा वाजले, ऊन विहिरीच्या आतल्या दगडांवरून तळापर्यंत उतरलं, तरी भोंगा ऐकू येईना. मुरुडच्या खालच्या गल्लीची रांग पहाटेच लागली होती. रांगेत बाया नव्हत्या, बायांना घरी शंभर कामं. रांगेत त्यांच्या खुणा होत्या. कुणाची चेपलेली घागर, कुणाची अंगठा तुटलेली चप्पल, कुणाची वीट. कोणती खूण कुणाची हे रांगणाऱ्या पोरालाही ठाऊक. सगळ्यांच्या पुढं धुरपताबाईचा दगडी खल, आणि खलाशेजारी आज स्वतः धुरपताबाई. तिच्या तळहातांना घाम सुटला होता. पदराला पुसला की पुन्हा सुटत होता.

साठी ओलांडलेली बाई. नवरा जाऊन वीस वर्षं झालेली. तीन पोरं स्वतःच्या हिमतीवर मार्गी लावलेली. घरातल्या नऊ माणसांनी किती खायचं आणि किती बोलायचं हे अजून तीच ठरवायची. सरपंचाला भर सभेत तिनं ऐकवलं होतं, "तुमचं धोतर पांढरं राहतं, कारण तुमी कधी खालच्या गल्लीत उतरलाच न्हाईत." अशा बाईला भ्या वाटतंय म्हटलं तर गल्ली हसली असती. म्हणून तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

पण टँकर का आला नाही हे तिला कळलं होतं. सोमवारी तिनं एका सरकारी कागदावर सही केली होती.

त्याचं झालं असं. उस्मानाबादेतून फुटून लातूर नवा जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती आणि पाऊस रुसून दोन. नव्या जिल्ह्यानं बाकी काही दिलं नसलं तरी टीव्ही दिला. तो समाजमंदिरात, बाबासाहेबांच्या फोटोखाली, लाकडी पेटीत कुलपात असायचा. संध्याकाळी पंचायतीचा शिपाई कुलूप काढायचा आणि खालची गल्ली, तिच्या पाठीची मोमीन गल्ली, सगळे सतरंजीवर येऊन बसायचे. चित्राला मुंग्या यायच्या. आवाज आलाच तर हिंदी यायचा. मग धुरपताबाई सांगायची. पडद्यावरची बाई काय बोलली हे तिलाही कळलेलं नसायचं, पण ती ठोकून द्यायची, "ती म्हनून राहिली, आत्याबाई, अंगावर इतकं सोनं घालता अन् भांडी मलाच घासाय लावता!" लोक टीव्ही सोडून तिच्याच तोंडाकडं बघायचे.

सोमवारी लातूरच्या सरकारी ऑफिसातून एक माणूस आला. नाव श्रीमंत, आणि शर्ट खांद्यावर उसवलेला. टीव्हीवाल्यांना म्हणे खेड्यातल्या माणसांना काय बघायला आवडतं ते हवं होतं. एकेकाला समोर बसवून तो एकेका कागदावर लिहून घेत होता. पुरुषांनी सांगितलं, शेतीची माहिती, हवामान, भजन. श्रीमंतला जांभया आवरेनात.

"ह्ये काय सांगून राहिलेत?" धुरपताबाई पुढं सरकली. "शेती रोज बघतावच की. हवामान बघायला मान वर केली का झालं. भाऊ, मी सांगते त्ये लिही. आमच्या गावाची शिरियल लिही."

"सांगा मावशी."

"पैली. यष्टीतली जागा. लातूरची गाडी लागती. ह्या खिडकीतून एकीनं रुमाल टाकला, त्या खिडकीतून एकानं टोपी टाकली. जागा एकच. भांडतेत. तेरा भाग भांडतेत. मदी कंडक्टरचं लगीन होतं, त्याला पोरगं होतं, ते पोरगं मोठं होऊन कंडक्टर होतं. शेवटच्या भागात कळतं, गाडी पंक्चर हाय."

श्रीमंतची जांभई अर्ध्यात राहिली.

"दुसरी. सरपंचाचा नारळ. दुष्काळी कामाचं उद्घाटन करायचं, पर घरून ताकीद हाय, नारळ चटनीला लागतोय, फोडून येऊ नगा. मंग सरपंच नारळ दगडाला निस्ता टेकवतो. एका नारळावर सात तलाव. तलाव एकबी झाला न्हाई, नारळ मातर शाबूत."

"हाय हाय, आक्का!" जोहरानं तोंडाला पदर लावला. जोहरा मोमीन गल्लीतली, धुरपताबाईच्या मागच्या भिंतीची शेजारीण. चाळीस वर्षं दोघींची भिंत एक आणि भांडणं दोन.

"तिसरी. निलंग्याची माझी विहीण रत्नम्मा. दोन दिसासाठी येती अन् पाऊस पडल्याबिगर जात न्हाई. ती कानडीत शिव्या देती, आमाला वाटतं आशीर्वाद देऊन राहिली. आमी रोज पाया पडताव."

समाजमंदिर नुसतं खदखदत होतं. इथं ती थांबली असती तर ही गोष्ट झाली नसती. पण हसणारी माणसं समोर असली की तिच्या जिभेला उतार लागायचा. जोहराचा पोरगा सरदार लातुरात गवंडीकाम करायचा, आणि त्यानं घरी सांगितलेलं जोहरानं भिंतीवरून तिच्या कानावर घातलं होतं.

"चौथी सगळ्यात भारी. नाव लिही, घराला दिवस गेले. एक व्यंकटराव असतोय, टँकरचा कारकून. आमच्या विहिरीच्या चार खेपा वहीत लिवतो. दोन येतेत. दोन जातेत कुठं? लातुरात त्याचं नवं घर बांधून राहिलंय. भिंतीला पानी, छताच्या सलापीला पानी. घर पितंय, निस्तं पितंय. आमच्या गल्लीचं पानी पिऊन घर असं तट्ट फुगतं. शेजारीन म्हनती, अगं बाई, घराला दिवस गेले वाटतं! नऊ महिने भरतेत. व्यंकटराव सुईनीला हाका मारत पळतो, अन् येऊन बघतो तर काय, वरचा मजला झालाय! मंग बारसं. गावजेवन. पंगत बसती अन् तांब्यात पानी न्हाई."

श्रीमंतनं डोळे पुसत सगळं लिहून घेतलं. "खाली अंगठा द्या मावशी. टीव्हीवर नाव येईल."

"अंगठा वरच्या गल्लीतल्या बायांचा घे," ती म्हणाली. "मी सही करते."

रात्रीच्या वर्गात सहा अक्षरं शिकलेली बाई ती. धु, र, प, ता, बा, ई. ईचं शेपूट तिनं असं झोकात वळवलं की श्रीमंतच्या बोटाला शाई लागली.

मंगळवारी जोहरा भिंतीवरून म्हणाली, "आक्का, नाव खरंच घालायचं होतं काय गे? सरदार बोलला, घराचं गवंड्यांबिगर कुणालाच मालूम नै. अन् तो कागद गेला कुठं? जिथं व्यंकटराव बसतो, त्याच इमारतीत."

"टीव्हीचा कागद हाय तो. त्याचा काय संबंध?"

ती बोलली खरी. पण त्या दिवशी तव्यावरची भाकरी तिच्याकडून पहिल्यांदाच करपली. सरकारी कागद तिनं आयुष्यात थोडेच बघितले होते, आणि एकही चांगलं सांगायला आलेला नव्हता.

बुधवारी टँकर नाही. गुरुवारीही नाही. विहिरीच्या तळाला चिखल उरला. एक सून आत उतरून वाटीनं गाळ निपटून पाणी भरत होती. जोहराची सून बिलकीस अकरा दिवसांची बाळंतीण. तिच्या दारात लंगोटांचा ढीग पडला होता आणि त्याच्यावर माशा. धुरपताबाईनं घरातली अर्धी घागर उचलली आणि भिंतीवरून जोहराच्या हातात दिली. मागं सुना उभ्या होत्या. एक शब्द बोलली नाही कोणी, आणि तेच तिला लागलं. शिवी दिली असती तर उलटून देता आली असती.

"आक्का, एक बात पूछूं?" घागर घेत जोहरा म्हणाली.

"नगं विचारू."

शुक्रवारी ती लातूरच्या गाडीत बसली. स्टँडवर खिडकीतून रुमाल पडला, पाठोपाठ टोपी पडली, दोन माणसं हमरीतुमरीवर आली. तिनं दुसरीकडं तोंड फिरवलं. कागद मागून घ्यायचा, फाडायचा, जमलंच तर गिळायचा. पाया पडावं लागलं तर? आजवर ती बाबासाहेबांच्या फोटोपुढं आणि आईपुढं वाकली होती. आणखी कुणापुढं वाकायला कंबर तयार होईल की नाही, याचीही तिला धास्ती वाटायला लागली.

पाण्याचं ऑफिस भाड्याच्या इमारतीत होतं. पाटीवर लातूर लिहिलेलं, पण रंगाखालून जुनं उस्मानाबाद डोकावत होतं. आत टेबलाटेबलांमध्ये कपाटं आडवी घालून खोल्या केलेल्या. टीव्हीच्या कामाला त्यातलाच एक कोपरा दिलेला, तिथं श्रीमंत सापडला. तिला बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"मावशी, तुम्ही कशाला आलात?"

"माझा कागद दे."

"माझ्याकडं असता तर तेव्हाच फाडला असता." त्यानं खणातून एक फॉर्म काढला आणि उलटसुलट करून दाखवला. एक बाजू कोरी. दुसऱ्या बाजूला छापील ओळी, वर खोडलेलं उस्मानाबाद. "नव्या जिल्ह्याची छपाई अजून यायची हाय. आम्ही जुन्याच फॉर्मांच्या पाठीवर लिहितो. मी जे उचलले ते टंचाईच्या तक्रारीचे होते. गठ्ठा आवक टेबलावर ठेवला अन् चहाला गेलो. तिथल्या बाबूनं छापील बाजू बघितली, तक्रार. उलटून बघितलं, कारकुनाचं नाव, गावाचं नाव, खाली झोकात सही. बाकीच्यांत हवामान अन् भजन होतं, ते परत आले. तुमच्या कागदावर शिक्का बसला, नंबर पडला, अन् दुसऱ्या दिवशी साहेबापुढं. एरवी इथं कागद महिना हलत न्हाई बघा."

"मंग टँकर?"

"चौकशी लागली ना. खेपांची वही साहेबानं कपाटात घातली. वहीबिगर ड्रायव्हर गाडी हलवत नाही."

म्हणजे तिला भ्या वाटत होतं त्याहून वाईट होतं. कुणी सूड घेतला नव्हता. तिच्या सहीनंच गल्लीचं पाणी बंद केलं होतं. ती भिंतीला टेकली. कोपऱ्यात तिला बसायला स्टूलही नव्हतं.

स्टूल व्यंकटरावानं आणलं. तिनं मनात उंचापुरा, मिशीवाला माणूस रंगवला होता. हा बुटका, कॉलरला रुमाल लावलेला, दोन दिवस दाढी न केलेला. "या मावशी, बसा," म्हणाला आणि तिला कपाटांच्या आड घेऊन गेला. पाण्याचा पेला पुढं ठेवला. पेला काठोकाठ भरलेला, बाहेरून घामेजलेला. तिची नजर पेल्यावर खिळली. बिलकीसच्या दारातल्या माशा तिला आठवल्या. तिनं पेल्याला हात लावला नाही.

"तुम्ही गंमत केली होती ना?" तो हळू आवाजात म्हणाला.

"हाव. गंमतच होती."

"मग तेवढंच लिहून द्या. मी लिहितो, तुम्ही सही करा. 'सदर मजकूर गंमत म्हणून सांगितला.' वही लगेच सुटते. उद्या नऊला टँकर तुमच्या विहिरीवर." त्यानं कपाटापलीकडं बघितलं. "नसता चौकशी चालू राहील. महिना, दोन महिने. वही कपाटात, टँकर दारात. अन् घराचं तुम्हाला कुणी सांगितलं, तेबी निघंल. गवंडी सात हायेत. सातींची नावं माझ्याजवळ हायेत."

सरदारचा चेहरा तिच्या डोळ्यांपुढं आला. कागद समोर आला, पेन हातात आलं. आणि कागदावर खोटं काहीच नव्हतं. गंमतच होती ती. सही केली की संपलं. पाणी सुटेल, सरदार वाचेल, संध्याकाळच्या गाडीनं घरी. तिनं ध काढायला पेन टेकवलं.

"उद्यापासून किती खेपा?" तिनं विचारलं. तिलाही कळलं नाही कुठून शब्द आले.

"नेहमीच्याच."

"वहीतल्या का विहिरीतल्या?"

व्यंकटरावानं स्वतःसाठी आणलेला चहा उचलला. कपाखालची बशी थरथरली, चहा हिंदकळून कागदावर पडला. तिनं वर बघितलं. याला तिच्याइतकंच भ्या वाटत होतं. त्यानं तिला धीर आला नाही, उलट आणखी धडकी भरली. घाबरलेलं माणूस काय करील याचा नेम नाही, हे तिला या चार दिवसांत स्वतःवरून कळलं होतं. पण दोन खेपांत बाळंतिणीचं धुणं होत नाही, हेही तिला कळत होतं. तिनं पेन खाली ठेवलं. ते गडगडत टेबलाखाली गेलं.

तेवढ्यात शिपाई आला. "मुरुडच्या आजी कोण? साहेबांनी बोलावलंय."

साहेब तरणा होता, दुसऱ्या मुलखातला, पुस्तकी मराठी बोलणारा. कागद त्याच्यापुढं होता, तिची सही खाली. तो वाचत असताना त्याच्या मिशीचं एक टोक हललं, मग पुन्हा जागेवर आलं.

"आजी, हे नेमकं काय आहे? तक्रार की विनोद?"

दाराच्या पडद्याखाली व्यंकटरावाचे बूट दिसत होते. सरपंचापुढं, विहिणीपुढं, भर सभेत धावणारी तिची जीभ आज चामड्यासारखी झाली होती. साहेबानं पुन्हा विचारलं. आता हा 'जा' म्हणेल, असं वाटलं आणि त्या भ्यानंच तिचं तोंड उघडलं.

"साहेब, दिवस गेले ते माझं. सुईन माझी. वरचा मजला झाला, बारसं झालं, तेबी माझंच."

"आणि घर?"

"घर म्या न्हाई बांधलं."

साहेब थांबला. "पाणी तिकडं गेलं हे कशावरून?"

सरदारचं नाव ओठांपर्यंत आलं. तिनं ते गिळलं. "आमच्याकडं आलंच न्हाई तर कुठं गेलं ते मी कसं सांगू? तुमी जावा. भिंतीला हात लावा. आता सगळ्या जिल्ह्यात वली भिंत सापडती का बघा. कोरडी निघाली तर माझी सही पुसून टाका."

त्यानं ते लिहून घेतलं आणि कागद तिच्याकडं सरकवला. तिनं मागची बाजू उलटून बघितली, ती कोरी होती, मग सही केली. ईचं शेपूट या वेळी वळलंच नाही. सरळ ओळीखाली गेलं.

"साहेब, वही?"

"बघतो."

"कवा?"

त्यानं घंटी वाजवली.

घरी येऊन तिनं जोहराला सगळं सांगितलं, सरदारचं नाव घेतलं नाही हेही. जोहरा भिंतीवर कोपरं टेकून ऐकत राहिली. "सात गवंडी," ती शेवटी म्हणाली. "त्यात मोमीन गल्लीचा एकच. नाव घ्यायला लागतं काय गे आक्का?" आणि आत गेली. चाळीस वर्षांत भिंतीपलीकडं इतकं शांत कधी नव्हतं.

शनिवारी धुरपताबाई उजाडायच्या आत विहिरीवर जाऊन बसली. खुणा बुधवारपासून तशाच होत्या, चपलेवर धूळ बसलेली. नऊ वाजले. साडेनऊ. दहा. बाया दारातून बघत होत्या, विहिरीकडं नव्हे, तिच्याकडं. आता उठून घरी गेलं तर पुन्हा बाहेर पडता येणार नाही, असं तिला वाटलं. म्हणून ती बसूनच राहिली.

सव्वादहाला भोंगा वाजला.

बाया धावल्या. धुरपताबाईला उठता आलं नाही. नवाच ड्रायव्हर होता, काखेत नवी कोरी वही. पाइप सोडता सोडता तो सांगत होता, "काल संध्याकाळी साहेब स्वतः गेलते त्या घरी. भिंतीला हात लावला अन् हात पँटीला पुसला म्हनं. बांधकाम बंद." धुरपताबाईचा पहिला नंबर होता. तिनं खल उचलून बाजूला ठेवला आणि मोठ्या सुनेला म्हणाली, "आदी बिलकीसची घागर."

बाराला दुसरी खेप आली. खुणा उचलल्या गेल्या, बाया घरी गेल्या, कारण तिसरी खेप आजवर कुणी बघितलीच नव्हती. तीनला भोंगा पुन्हा वाजला तेव्हा विहिरीवर रांग नव्हती. एक वीट नाही, एक चप्पल नाही. टँकरचं पाणी मोकळ्या विहिरीत पडत राहिलं आणि त्या आवाजानं बाया अर्ध्या झोपेतून उठून दारात आल्या. मग पाचला चौथी.

सरदार त्याच संध्याकाळी थापी आणि ओळंबा पिशवीत घालून घरी आला. बांधकामच बंद, त्याला कुणी काढलं नव्हतं, पण काम गेलं ते गेलंच. जोहरानं दोन दिवस भिंतीवरून तोंड दाखवलं नाही. तिसऱ्या दिवशी धुतलेल्या लंगोटांची दोरी बांधायला तिला धुरपताबाईच्या बाजूचा खुंटा लागला. "तुझी जीभ, आक्का," दोरीला गाठ मारत ती म्हणाली, "कापून लोणचं घालायला पाहिजे."

"घाल. पर पानी तिला लई लागंल."

जोहरा हसली नाही. पण गाठ मारून झाल्यावरही तिथंच उभी राहिली.

पुढच्या सोमवारी श्रीमंत पुन्हा आला. आधीचा कागद फायलीत अडकला होता, टीव्हीवाल्यांना ती शिरियल परत लिहून हवी होती. समाजमंदिरात सगळे सरकून जवळ बसले. शिपायानं टीव्हीचं कुलूप काढलं, पण कुणी तिकडं बघेना.

धुरपताबाईनं कागद हातात घेतला. उलटा केला. उजेडाला धरला. सुनेला म्हणाली, "वाच गं, मागं काई हाय का." मागं काही नव्हतं. तरी तिनं तो पुन्हा उलटा केला.

"लिही," ती म्हणाली.

शेवटी श्रीमंतनं पेन पुढं केलं. धुरपताबाईनं आधी तळहात पदराला पुसला, मग दुसरा पुसला, आणि पेन घेतलं.